ओसरीवर वाजलेला अल्बम

साल दोन हजार चोवीस. मला चौऱ्याहत्तरावं चालू होतं. आधार कार्डावर एकाहत्तर आहे, पण ती तारीख शाळेतल्या गुरुजींनी माझ्या उंचीकडं बघून लिहिली होती आणि लहानपणी मी बुटका होतो. शाळा मी तिसरीत सोडली. त्यामुळं हे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकलं. चुकलेलं मला कुणी दाखवू नये, मला ते आवडत नाही.

आमचं घर सुप्याजवळ, पुणे-नगर रस्त्यापासून थोडं आत. आता जिथं कारखान्यांची वसाहत आहे तिथं आमची जिरायत जमीन होती. ती वसाहतीत गेली. जे मिळालं त्यातून मी घरामागं खोल्या बांधल्या, त्यांत कारखान्यात काम करणारी पोरं भाड्यानं राहतात. घराच्या पुढच्या अंगाला लांब ओसरी. ती मात्र जुनीच ठेवली. खाली नवी गुळगुळीत फरशी घालू म्हणून मुलगा मागं लागला होता, मी शहाबादीच राहू दिली. बुडाला थंड लागते.

माझ्या मुलाची मुलगी, म्हणजे माझी नात, डिप्लोमा करून एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात लागली. पोरगी लहानपणापासून अबोल. कानात वायरी घालून बसायची. घरातल्यांना वाटायचं, अभ्यासाचं ऐकते. एकदा मी विचारलं, "काय ऐकतीस गं एवढं?" तिनं एक वायर काढून माझ्या कानात घातली. कुणीतरी पत्र्याच्या छपरावरून लोखंडी गज ओढत चाललाय आणि दुसरा माणूस त्याच्यावर खेकसतोय, असं मला वाटलं.

मी वायर परत दिली. "तुझं मशीन बिघडलंय."

"आबा, हेच गाणं आहे. ह्याला मेटल म्हणतात."

"मेटल म्हंजे?"

"धातू."

"मग बराबर हाय."

ती हसली. मग म्हणाली, ह्यातही प्रकार असतात, ह्या प्रकारात गाणी लांबच्या लांब असतात आणि ताल मधेच बदलतो, म्हणून ह्याला पुढं प्रोग्रेसिव्ह लावतात. मी म्हटलं, आमच्या भजनातसुद्धा ताल बदलतो, आम्ही त्याला काही लावत नाही. मी गावच्या भजनात टाळ धरणारा माणूस. तालाचं मला कुणी शिकवू नये.

तिच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला तसलीच आवड असलेली चार-पाच जणं भेटली. एक पोरगी, बाकी पोरं. रविवारी सुट्टीला ती हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात बसू लागली. ते मुलाच्या कानावर आलं आणि त्यानं घरात आवाज केला. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, तेही घराला लागूनच, त्यामुळं त्याला गिऱ्हाइकाच्या तोंडून गावातलं सगळं कळतं.

मी म्हटलं, "हॉटेलात नगं. माझ्या ओसरीवर बसतील."

"आबा, लग्नाची पोर हाय. दर रविवारी काळे शर्ट घातलेली पोरं दारात! लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझ्या तोंडावर येऊन म्हणावं."

"आणि भांडणं झाली म्हंजे? ही पोरं गाण्यावरनं सुद्धा भांडत्यात, मी ऐकलंय."

"माझ्या ओसरीवर एकदा जरी आवाज चढला, तर मी सोता बंद करीन. शब्द हाय."

"तुमचा शब्द?"

"माझाच. दुसऱ्याचा कुठनं आणू?"

माझा शब्द काय असतो ते मुलाला माहीत आहे. मेहुण्याच्या घरी जेवणार नाही म्हटलो होतो, तर मेहुणा होता तोवर पाणीसुद्धा घेतलं नाही. बायको शेवटपर्यंत त्यावरून बोलायची. पण शब्द तो शब्द.

तर असे रविवार सुरू झाले. दुपारी ऊन कललं की पोरं यायची, चपला ओळीनं काढायची, मधे तो ब्लूटूथचा डबा ठेवायची. सून आधी दारामागून बघायची, मग चहा आणून द्यायला लागली. माझी खुर्ची खांबाला. मी गाणं ऐकायला बसत नव्हतो. जी पोरगी घरात 'हो' आणि 'नाही'च्या पुढं जात नव्हती, ती तिथं हात हलवून हलवून बोलायची. समोरच्याचं खोडायची, मधेच "थांब, थांब, परत लाव" म्हणायची. ते बघायला मी बसायचो. सोमवारपासून परत अबोल. पण रविवार आठवून जेवताना स्वतःशीच हसायची. घरात कुणी हसतंय म्हणजे घर चांगलं चाललंय, एवढं मला कळतं.

मग तो अल्बम आला.

पुण्याच्या पोरांचा होता आणि मराठीत होता. ह्या प्रकारात मराठी म्हणजे ह्यांना दिवाळीच. नातीनं मला गोष्ट सांगितली, कारण सगळ्या गाण्यांची मिळून एकच गोष्ट होती. एका म्हाताऱ्याची जमीन कारखान्यांसाठी जाते. मग तोच म्हातारा त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या गेटावर वॉचमन होतो आणि स्वतःच्या शेतात शिरायला त्याला छातीवर पास लावावा लागतो. सरकार, पुढारी, दलाल, सगळ्यांना त्यात धुतलंय. मी ऐकून घेतलं. म्हटलं, बघू.

त्या रविवारी जरा जास्तच गर्दी झाली. दोन पोरं महत्त्वाची. एक पुणतांब्याचा, गोदावरीकाठचा, घरी उसाची बागायत, इथं इंजिनिअर. गोरा, चष्मा लावणारा, स्वतः गिटार वाजवणारा. दुसरा पाथर्डीकडचा. त्याचे आईबाप दर साली ऊसतोडीला जातात. तो कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करतो आणि माझ्याच मागच्या खोलीत राहतो. भाडेकरू असला तरी रविवारी ओसरीवर पाहुणा, असं मी धरलं होतं.

ह्या पोरांची एक रीत होती. एक गाणं लावायचं, थांबवायचं, त्यावर बोलायचं, मग दुसरं. त्या दिवशी तिसऱ्या गाण्यालाच गाडी अडली.

पुणतांब्याचा म्हणाला, "वाजवलंय जबरदस्त. तो जो मधला तुकडा आहे, गिटार एकीकडं आणि ड्रम दुसरीकडं चाललाय आणि बरोब्बर एका जागी येऊन भेटतात, त्याला तोड नाही. पण शब्द? शब्द म्हणजे मोर्चाचे फलक आहेत रे. मला भाषण ऐकायचं असतं तर मी सभेला गेलो असतो."

"तुला जेवण पण मिळतं ना सभेला," पाथर्डीकडचा म्हणाला. सगळे हसले.

"चेष्टा सोड. ह्या बँडमधल्या एकाचं तरी बोट मातीत गेलंय का? कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून ढेकळांवर लिहायचं."

"ढेकळावर ढेकूळच लिहील का मग? मला ते गिटार-बिटार कळत न्हाई. तू म्हणतोस जबरदस्त, तर असंल. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, बाचक्यांवर निजलेल्या पोराची ओळ हाय ना, तो मी हाय. माझ्यावर आजवर कुणी ओळ लिहिली न्हवती. कोथरूडवाल्यानं लिहिली, तर कोथरूडवाल्याला रामराम."

"म्हणजे तुझ्यावर आहे म्हणून चांगली?"

"थांब, मी चांगली म्हटलोच न्हाई. माझं भांडण दुसरंच हाय. ती ओळ मला ऐकून कळलीच न्हाई! मोबाईलवर वाचली तवा कळली. तो गडी घसा फाडून असा ओरडतो की आई म्हणतोय का बाई, समजंना. मग लिहिलंय कुणासाठी? माझ्या आईला लावून दाखवलं, तर ती म्हणाली, ह्याच्या पोटात दुखतंय, ओवा द्या."

आता मीसुद्धा हसलो. सून आतून हसली, ते ऐकू आलं.

मग नात बोलायला लागली. ती बोलली की बाकीची गप्प होतात, हे मी पाहून ठेवलं होतं. म्हणाली, "तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी ओढताय. शब्द आणि वाजवणं वेगळं नाहीच त्यात. पहिल्या गाण्यात तो माणूस शेतात चालतो, तेव्हा ताल सरळ आहे, पाय टाकावा तसा. मोजणीवाले येतात तिथून एक मात्रा गळते. नंतर पूर्ण अल्बमभर ती मात्रा परत येत नाही. आपल्याला सारखं अडखळल्यासारखं होतं ना, ते त्याचंच अडखळणं आहे. आणि ओरडण्याचं म्हणशील, तर त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही, हेच तर गाणं आहे."

"हे तू बसवलंस," पुणतांब्याचा म्हणाला. "बँडच्या मनात पण नसेल."

"नसू दे. माझ्या कानात आहे."

मी म्हटलं, "लावा बरं परत ते पहिलं." मला ती मात्रा पकडायची होती. त्यांनी लावलं. मी डोळे मिटून टाळी धरली. पहिल्यांदा नीट चाललं. मग मोजणीवाले आले आणि माझी टाळी एका बाजूला आणि ड्रम दुसऱ्या बाजूला पडायला लागला. मी हात घट्ट करून धरून ठेवलं. शेवटी माझीच टाळी ओसरीवर एकटी वाजत राहिली, कारण गाणं संपलं होतं.

पाथर्डीकडचा म्हणाला, "आजोबा, तुमी पुढं गेलात."

"मी जाग्यावरच होतो. ते मागं ऱ्हायले."

इथवर सगळं गोडीत होतं. पण मग त्यानंच विषय माझ्याकडं वळवला. मनात काही काळंबेरं नव्हतं त्याच्या. म्हणाला, "आपण उगं भांडतोय. ज्याची जमीन गेली तो माणूस हितं खुर्चीत बसलाय. आजोबा, तुमी सांगा. असंच झालं हुतं ना? असंच रडू आलं हुतं ना तुमाला?"

सगळ्या पोरांनी माझ्याकडं बघितलं. कुणी असं बघितलं की मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. पण रडू म्हटल्यावर माझं बिनसलं.

"मी रडलो न्हाई," मी म्हटलं. "मी कागदावर सही केली, अंगठा न्हाई. दहा बाया-बाप्यांच्या पुढं केली. साहेबाला म्हटलं, रेघ कुठं हाय ते दाखव, मी रेघेवरच सही करणार. आणि मी कुणाचा वॉचमन झालो न्हाई. कुणाचा पास लावला न्हाई. त्या गाण्यातला म्हातारा बिच्चारा हाय. मी बिच्चारा न्हाई."

पुणतांब्याच्यानं मांडीवर थाप मारली. "ऐका! हेच मी म्हणतोय. शब्द खोटे आहेत."

मी त्याच्याकडं वळलो. "खोटे हायेत, असं मी कवा म्हटलं?"

"आत्ताच म्हणालात ना, तसं झालं नाही म्हणून."

"माझं झालं न्हाई. शेजाऱ्याचं झालं आसंल. तू माझ्या तोंडात तुझं घालू नगंस."

"मग खरे आहेत?" पाथर्डीकडच्यानं विचारलं.

"ते बी मी म्हटलं न्हाई."

पोरं खुसूखुसू हसायला लागली. मला ते लागलं. मी कुणाच्याच बाजूचा पुरावा व्हायला तयार नव्हतो आणि दोघं मला दोन बाजूंनी ओढत होते. तेवढ्यात पाथर्डीकडचा अगदी सरळ आवाजात म्हणाला, "आजोबा, राग मानू नका. तुमाला खोल्या बांधता आल्या. तुमी मालक झालात. ते गाणं मालकावर न्हाईच. ते तुमच्या गेटाभाईर उभं ऱ्हायलेल्या माणसावर हाय. तुमी त्यात न्हाईच."

मी त्यात नाही! माझी जमीन, माझ्या बापानं दगड वेचून काढलेली, तिच्यावर कोथरूडच्या पोरांनी गाणं केलं आणि त्यात मी नाही. आणि हे मला कोण सांगतं, तर माझ्या खोलीत राहणारा पोरगा. मी खुर्चीवरून उठलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. शेवटचं आठवतं, कारण ते रस्त्यापर्यंत गेलं.

"ऊठ! ऊठ माझ्या ओसरीवरनं!"

तो उठला. चपला घातल्या आणि घराला वळसा घालून मागं खोलीकडं गेला. बाकीची पोरं उभी राहिली. दुकानाच्या दारात माझा मुलगा उभा होता, हातात खिळ्यांची पुडी तशीच. गिऱ्हाईकही बघत होतं.

मुलगा ओरडला वगैरे नाही. एवढंच म्हणाला, "आबा. शब्द."

नातीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं तो डबा बंद केला, त्याची चार्जिंगची वायर बोटांवर गुंडाळली आणि आत गेली. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "झालं. पुढच्या रविवारपासनं बंद." शब्द दिला होता, पाळला. पोरं गेली. ओसरीवर चहाचे कप तेवढे राहिले.

मी तिथंच बसलो. मनात धरून बसलो होतो की, माझं काय चुकलं? आणि खरं सांगतो, अजूनही मला वाटत नाही की माझं काही चुकलं. पण स्वयंपाकघरात भांडी लावताना ती पोरगी काहीच आवाज करत नव्हती, ते मला ओसरीवर ऐकू येत होतं. आवाज न करणं ऐकू येतं का, असं कुणी विचारेल. आमच्या घरात येतं.

दिवेलागणीच्या आधी मी गच्चीवर गेलो. ती तिथं होती, कानात वायरी घालून. लांब डोंगरावर पवनचक्क्या फिरत होत्या आणि खाली कारखान्यांचे दिवे लागायला सुरुवात झाली होती.

मी म्हटलं, "मला रागवली व्हय?"

"नाही."

"मग?"

तिनं कानातल्या वायरी काढल्या. मग म्हणाली, "आबा, मला दुसरीकडं कुठं असं बोलता येत नाही. कारखान्यात मी फक्त माल पास आहे की नापास, एवढंच बोलते. घरात काय बोलायचं ते सुचत नाही. तिथं सुचायचं."

स्वतःबद्दल एवढं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

मग तीच म्हणाली, "आणि तुम्ही पूर्ण ऐकलं कुठं? तिसऱ्या गाण्यावरच सगळे भांडलात. आठ आहेत. पुढं तो म्हातारा कसा होतो, ते तुम्हाला माहीत तरी आहे का?"

हे मात्र मला पटलं. आमच्या भजनात अभंग अर्ध्यात तोडत नाहीत, कुणी आलं-गेलं तरी. म्हटलं, "लाव मग."

तिनं दोन्ही वायरी माझ्या कानांत घातल्या आणि मोबाईलवर शब्द मोठे करून दिले. मी बोट लावून वाचत गेलो. वाचायला वेळ लागायचा, तोवर गाणं पुढं निघून जायचं, मग ती ते थांबवायची. त्यातलं सातवं गाणं इतकं लांब की खाली सुनेनं भाकरी थापायला घेतल्या आणि उरकल्या, तरी ते चालूच. त्याच्या मधे एक जागा अशी आली की सगळा कल्ला एकदम थांबला. नुसती एक तार वाजत होती, हळू. शब्दांत होतं की म्हातारा रात्रपाळी करून गेटावरून परत चाललाय आणि पायानं ओळखतोय, इथं बांध होता, इथं बोर होती, इथं बैल पाणी पीत. डांबरावरून चाललाय, पण पाय जुन्या वाटेनं पडतायत. आणि तो रडत नव्हता. गुणगुणत होता.

मी खाली दिव्यांकडं बघितलं. आमची विहीर कुठं होती ते मला इथून सांगता येतं. जिथं आता मालाच्या गाड्या लागतात तिथं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. नातीला बोट करून दाखवलं. तिनं विचारलं, "पाणी गोड होतं का?"

"मचूळ हुतं. पण हुतं."

मला ते गाणं आवडलं का? नाही. शेवटी परत तेच गज ओढणं सुरू झालं आणि माझे कान दुखले. पण मी वायरी काढल्या नाहीत. आठवं संपलं तेव्हा काढल्या. आणि म्हटलं, "त्या पोराला सांगायचं ऱ्हायलं. मी त्यात हाय."

"कुठं?"

"त्या सातव्या गाण्यात. वॉचमन न्हाई, पण पाय माझेच हायेत."

ती हसली. बरं वाटलं. पण हसली तरी रविवार बंद तो बंदच होता.

जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी. मुलगा समोर. मी म्हटलं, "बंद झालेलं उघडायची रीत हाय आपल्यात."

मुलगा माझ्याकडं बघत राहिला. त्याला माहीत होतं मी काय म्हणतोय. गावचं भजन एकदा दोघांच्या भांडणावरून बंद पडलं होतं. तेव्हा जुन्या माणसांनी ठरवलं, ज्यानं आवाज चढवला त्यानंच ज्याच्यावर चढवला त्याच्या दारात जायचं. पायी, सकाळच्या वक्ताला, हळद-कुंकू लावलेली सुपारी घेऊन. दुसऱ्याला पाठवायचं नाही, निरोप धाडायचा नाही. दारात उभं राहून आवतन द्यायचं. त्यानं सुपारी घेतली की भजन उघडलं. माफी-बिफी मागायची गरज नाही. ती रीत मला म्हणूनच आवडते.

मुलगा म्हणाला, "रीत हाय, पण ती चालणाऱ्या माणसाची. तुमी जाल? भाडेकरूच्या दारात?"

सुनेनं भाकरी वाढता वाढता हात थांबवला. मालकानं भाडेकरूच्या दारात जायचं नाही, हा माझा नेम. भाडं घ्यायला मुलगा जातो, नळ गळतो ते बघायला मुलगा जातो. खोल्या बांधून झाल्या तेव्हापासून मी त्या ओळीत पाय टाकला नव्हता.

"शब्द दिला तवा ही रीत हुतीच की. मी रीत सोडून शब्द दिला न्हवता."

"आबा, बोलायला काय जातंय? तुमी मामाच्या घरी पाणी प्यायला न्हाईत. त्या पोराच्या दारात जाऊन उभं ऱ्हाणार? गेलात तर पुढच्या रविवारी त्या काळ्या शर्टवाल्यांचा चहा मी करतो. माझ्या हातानं. दुकान बंद करून."

"साखर किती टाकायची ती पोरीला विचारून ठेव," मी म्हटलं आणि हात धुवायला उठलो. नात खाली मान घालून भाकरी मोडत होती. तिचे कान लाल झाले होते. रागानं नव्हे, हसू दाबल्यामुळं. मुलालाही ते दिसलं असणार, कारण त्यानं पुढं काही ताणलं नाही. तापट तो माझ्यावरच गेलाय, पण वाईट नाही.

रात्री झोप चांगली लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तांबडं फुटायच्या सुमाराला, मी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. देवघरातली सुपारी घेतली, तिला हळद-कुंकू लावलं आणि घराला वळसा घालून खोल्यांच्या ओळीत गेलो. तिथं काय काय आहे ते मी पहिल्यांदाच बघत होतो. दोरीवर वाळत घातलेले कामाचे कपडे, एका दारापुढं तुळशीचं रोप डब्यात लावलेलं, एका दाराला चकचकीत नवं कुलूप. शेवटची खोली त्याची. कडी वाजवली.

तो तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आला. मला बघून ब्रश काढला. फेस तसाच.

"आजोबा! खोली खाली करायची व्हय?"

"गप. तोंड धुऊन ये."

तो धुऊन आला, अंगात शर्ट घातला, सकाळच्या पाळीला निघायच्या गडबडीत होता. मी सुपारी पुढं केली.

"हे काय?"

"आवतन. रविवारी तीन वाजता. ओसरीवर."

"कुणाची सुपारी देताय, आजोबा?" तो हसत म्हणाला. पण हात पुढं केला नव्हता. "काल तर तुमी मला उठवलं."

"उठवलं. आता बस म्हणतोय. मी आठी गाणी ऐकली. तू म्हटलास मी त्यात न्हाई. मी हाय. कुठं हाय ते रविवारी सांगीन, सगळ्यांच्या म्होरं. तुला पटलं न्हाई तर तू बोल. ओरडू नगंस. मी बी ओरडणार न्हाई."

"आणि ओरडलात तर?"

"तर परत सुपारी घेऊन येईन. कितींदा बी."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग सुपारी उचलली आणि शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. "बसा ना. चहा ठिवतो. काळा हाय, दूध न्हाई."

मी आत गेलो. त्याच्या पलंगाच्या कडेला बसलो आणि काळा चहा प्यालो. भिंतीला त्या बँडचं चित्र चिकटवलेलं होतं. चिकटवलं होतं पिठाच्या खळीनं, माझ्या भिंतीला खिळा मारला नव्हता, हे मी मनात नोंदवलं. मग रस्त्यावर कंपनीच्या गाडीचा हॉर्न झाला आणि तो डबा घेऊन पळाला. मीच त्याच्या दाराला कडी लावली, चालत पुढं आलो आणि मुलाच्या दारावर थाप मारून त्याला उठवलं. म्हटलं, "ऊठ. दुधवाल्याला सांगून ठेव, रविवारी जास्तीचं दूध लागंल."